डोंगर उजव्या हाताला

कासियानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डाव्या कानात काजळी होती.

फेब्रुवारीतला शनिवार. बाहेर बर्फ पडत होतं, सावकाश, कुठे पोहोचायची घाई नसल्यासारखं. मी इन्सब्रुकच्या ग्रंथालयातून दोन दिवसांची सुट्टी काढून घरी आले होते आणि ताताच्या कामाच्या खोलीत, लोखंडी शेगडीजवळ, डावा पाय लांब करून वाचत बसले होते. ताता म्हणजे माझा बाप, सेराफिन. चाळीस वर्षं तो खोऱ्यातल्या लोकांच्या स्की दुरुस्त करत आला होता. खोलीला मेण, गोंद आणि कॉफी यांचा मिळून एक वास असे. लहानपणी मी त्या वासालाच रविवार समजायची.

दार उघडलं. थंडीचा झोत आत आला आणि त्याच्यामागून एक उंच तरुण. काखेत गुंडाळलेली कातडी. डोंगर चढताना स्कीच्या तळाला हे केसाळ पट्टे चिकटवतात, म्हणजे पाय मागे घसरत नाही. पूर्वी ते सीलच्या कातड्याचे असत. आता नायलॉनचे आहेत, पण नाव तेच राहिलं.

"गोंद गेलाय यांचा," तो म्हणाला. "परवा अर्ध्या चढावर सुटली. तुम्ही बघाल का?"

ताताने चष्म्यावरून आधी कातड्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "एवढी रुंद? स्कीची आहेत की गायीची?"

"स्प्लिटबोर्डची."

"अरे देवा, ती चिरलेली फळी!" ताता माझ्याकडे वळला. "ऐकलंस, बुर्गी? चांगली एक फळी घ्यायची, मधोमध चिरायची, दोन पायांना दोन तुकडे बांधून वर जायचं. वर गेल्यावर पुन्हा जोडायची आणि आडवं उभं राहून खाली यायचं. उद्या सायकल दुमडून नदी पोहतील."

"वर जाताना दोन, खाली येताना एक," तो तरुण शांतपणे म्हणाला. "लग्नात याच्या उलट होतं असं ऐकलंय. म्हणून मी आधी हेच शिकून घेतलं."

ताता हसला. त्याला हसवणं सोपं नव्हतं. मी पुस्तक खाली केलं.

"आणि हे 'तुम्ही' कशाला?" ताता म्हणाला. "चौदाशे मीटरवर उभा आहेस तू. हजाराच्या वर 'तुम्ही' म्हणायचं नसतं. तुमच्या खोऱ्यात शिकवत नाहीत?"

"शिकवतात. पण वयाकडे बघून..."

"वय खाली बसथांब्यावर ठेवून यायचं."

तो माझ्याकडे वळला. "हा नियम सगळ्यांना लागू आहे?"

"नियम आहे," मी म्हटलं. "माझा काही इलाज नाही."

"मग... तू काय वाचतेस?"

"एका खलाशाची गोष्ट."

"इथे? दोन डोंगररांगा ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं. "आणि तुझ्या कानात काजळी आहे."

त्याने उजवा कान पुसला. चुकीचा. मी सांगितलं नाही.

तो धुराडी साफ करणारा होता. कासियान त्याचं नाव. सीमेपलीकडच्या खोऱ्यातला, आणि याच महिन्यापासून आमचं खोरं त्याच्याकडे आलं होतं. ताताला भलताच आनंद झाला. "बुर्गी, ऊठ, बटण धर त्याचं! धुराडीवाल्याच्या कोटाचं बटण धरलं की नशीब उघडतं. तुझं जरा गंजलंय."

"ताता!"

"आज कामाचा कोट नाहीये," कासियान म्हणाला. तो लाजला होता, कानापर्यंत... काजळीमुळे एकाच कानापर्यंत दिसलं. "सोमवारी धुराड्यासाठी येतो. तेव्हा."

तो गेल्यावर पाच वाजले. पाच वाजता आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज येतो, आणि ताता तो मोठ्याने वाचतो. कुणी ऐकत असो वा नसो. "दोन हजारांच्या वर मध्यम, खाली कमी..." वाचून झालं की तो नकाशा पसरायचा, पेन्सिलीला टोक करायचा. नऊ हिवाळे तो त्या क्षणी मला विचारत आला होता, "या वर्षी, बुर्गी?" आणि नऊ हिवाळे मी म्हणत आले होते, "बघू."

त्या दिवशी त्याने विचारलं नाही. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा तो एका कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याने कागदावर हलकेच कोपर ठेवलं. शाळेतली मुलं ठेवतात तसं.

मला हायसं वाटलं. आणि मग, कपातली कॉफी संपेपर्यंत, थोडं वाईट वाटत राहिलं.

रविवारी दुपारी ताताने मला बसपर्यंत सोडलं, पिशवी वर दिली आणि म्हणाला, "डाव्या बाजूला बस, ऊन येईल." आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

सोमवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. हृदय. तो कामाच्या टेबलाशीच होता. स्कीला मेण लावायची इस्त्री अजून गरम होती, म्हणाली ती.

कागद मला अंत्यसंस्कारानंतर सापडला, नकाशाच्या घडीत. डोंगरात जाण्याआधी ताता असा एक चौकटींचा कागद भरायचाच. किती वाजता निघायचं, कुठे उतार तीस अंशांच्या वर जातो, कुठे थांबायचं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघांवर, परत वळायची वेळ. त्या वेळी माणूस जिथे असेल तिथून वळायचं. शिखर समोर दिसत असलं तरी.

हा कागद श्टिलकोफेलचा होता. आमच्या चॅपेलच्या मागे उभा असलेला डोंगर. त्यावर लिहिलं होतं : माणसं दोन. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग, ताशी अडीचशे मीटर चढ. चहा तीन वेळा. वळायची वेळ साडेबारा.

ताता अडुसष्टाव्या वर्षीही तासाला चारशे मीटर चढायचा. मग हे दुसरं माणूस कोण?

नकाशावरची पेन्सिलीची रेघही विचित्र होती. श्टिलकोफेलला अख्खं गाव पूर्वेच्या उतारावरून जातं, नागमोडी वळणं घेत, जवळजवळ सरळ वर. ही रेघ मात्र डोंगराला भला मोठा वळसा घालून मागच्या खिंडीत निघत होती. दीड तास जास्त.

त्याच डोंगरावर नऊ वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा गेला. गावाला माहीत असलेली गोष्ट अशी, की सेराफिनने मुलीसाठी रस्ताच चुकीचा आखला, घट्ट बर्फात नको तेवढी वळणं घ्यायला लावली आणि त्यातल्या एका वळणावर ती पडली. ही गोष्ट गावाला ताताने स्वतः सांगितली. इस्पितळात, चर्चच्या दारात, खानावळीत. खरी गोष्ट अशी, की वळायची वेळ झाली होती. तो म्हणाला होता, "वळू या, बुर्गी." मी म्हटलं होतं, "पंधरा मिनिटं फक्त," आणि पुढे निघाले होते. तेवीस वर्षांची होते मी. डॉक्टरांसमोर त्याने दोष स्वतःवर घेतला तेव्हा मी पलंगावर पडून छताकडे बघत होते. मी काही बोलले नाही. पुढच्या नऊ वर्षांतही नाही.

आणि आता हा कागद. म्हणजे त्याने माझी वाट बघणं सोडलं होतं; बरोबर जायला दुसरं कुणीतरी शोधलं होतं. मला ते नाव हवं होतं. भांडायला नाही... नुसतं कळायला हवं होतं. मी तो कागद वर्षभर पुस्तकात खूण म्हणून वापरला. पुस्तकं बदलत गेली, खूण तीच राहिली.

डिसेंबरात मी तीन महिन्यांची रजा घेऊन कामाची खोली रिकामी करायला आले. मी माळ्यावर असताना दार वाजलं. जिना उतरून आले तर तो उघड्या दारात उभा. डोक्यापासून बुटांपर्यंत काळा, खांद्यावर ब्रशाचं वेटोळं, मधे फक्त डोळे आणि दात.

"धुराडं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि... एक बटण राहिलं होतं."

मी बटण धरलं. पितळेचं, बाहेरून आल्यामुळे गारेगार.

"सोडायचं कधी असतं?" मी विचारलं.

"नियमात तसं काही लिहिलेलं नाही."

मी सोडलं. बोटं काळी झाली होती.

"त्या सोमवारी मी आलो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "दाराशी माणसं होती. मग... कातडी मागायची लाज वाटली."

कातडी खुंटीवरच होती. ताता काम संपवून गेला होता. वरच्या चिठ्ठीवर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : 'कासियान. गायीची.'

कासियान हसला आणि मधेच थांबला. मलाही तसंच झालं. त्याने एक पट्टा दुसऱ्यापासून ओढून पाहिला. गोंदाने सोडताना चर्रर्र आवाज केला. "असा गोंद आता कुणी लावत नाही," तो म्हणाला.

मी एकदम विचारून टाकलं, "तू त्याच्याबरोबर श्टिलकोफेलला जाणार होतास?"

"मी? नाही."

"खरं सांग. मला राग येणार नाही."

"अगं, मी त्याला एकदाच भेटलो. तेही तुझ्यासमोर."

मी पुस्तकातून कागद काढला, नकाशा काढला. कासियानने हात पुढे केला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि मागे घेतला. मग कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन दोनदा साबण लावून हात धुतले, आधी माझ्याकडे, मग टॉवेलकडे बघत पुसले, आणि मगच कागद उचलला. ते मी लक्षात ठेवलं.

"हा माझ्यासाठी नव्हता, एवढं पक्कं," तो म्हणाला. "हा रस्ता सगळा आडवा आहे. आडव्या उतारावर माझी चिरलेली फळी अशी घसरते, की सगळ्या संतांची नावं घेऊन संपतात. माझा सूड घ्यायचा असता तरच त्याने असा आखला असता."

"हिमस्खलनाच्या भीतीने वळसा घातला असेल."

त्याने टेबलावरची ताताची उतार मोजायची पट्टी उचलली आणि पूर्वेच्या उतारावर ठेवली. "पंचवीस अंश. इथे सत्तावीस. हा भाग एकदम निरुपद्रवी आहे, बुर्गी. वळसा बर्फासाठी नाही घातलेला."

"मग कशासाठी?"

त्याचं बोट पेन्सिलीच्या रेघेवरून चाललं. चॅपेल, जंगलाची कड, खडकाचा पट्टा, खिंड. मीही वाकले. त्याच्या बाहीला धुराचा वास होता, आमच्याच धुराचा.

"एकही वळण नाही," तो म्हणाला. "दीड तास जास्त घातलाय, पण पाय उचलून स्की फिरवावी लागेल असं एकही वळण ठेवलेलं नाही. आणि हे बघ... सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोंगर उजव्या हाताला. एकदाही डावीकडे नाही."

"मग?"

"डोंगर उजवीकडे असला की उजवा पाय वरच्या अंगाला. तो दुमडतो. डावा खालच्या अंगाला, तो सरळ राहतो." तो थांबला. नकाशावरून त्याने नजर उचलली, आणि ती आधी माझ्या चेहऱ्यावर आली नाही. "मघाशी तू माळ्यावरून उतरलीस. प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टाकत होतीस."

शेगडीत लाकूड खचलं.

"गावात ऐकलंय मी," तो म्हणाला. "सेराफिनने तेव्हा रस्ता चुकीचा आखला होता म्हणे. म्हणून या वेळी त्याने हा असा... चूक दुरुस्त केली असणार त्याने."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

कासियान उठला आणि भिंतीशी टांगलेल्या स्कींमधली शेवटची जोडी काढून आणली. लाल, अरुंद. टोकावर 'नोटबुर्गा', माझं पूर्ण नाव, जे आजीचं होतं आणि फक्त ताता स्कीवर लिहायचा. माझ्या स्की तिथे आहेत हे मला माहीत होतं. घरात एखादी न उघडणारी खिडकी असते तसं माहीत होतं. त्याने तळावरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला.

"हे मेण दहा वर्षांचं नाहीये," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यातलं आहे. कडांनाही धार लावलेली आहे. हात जपून."

मी हात जपला नाही. थोडंसं कापलं.

"जाणार तू?" त्याने रुमाल पुढे करत विचारलं.

"बघू," मी म्हटलं, आणि तो शब्द ऐकून मीच दचकले.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता माझा फोन वाजू लागला.

"उद्याचा अंदाज," कासियान बातम्या दिल्यासारखा वाचायचा. "दोन हजारांच्या वर लक्षणीय. वाऱ्याने बर्फ साठलंय, उत्तर आणि पूर्व बाजूला. खाली मध्यम. गुडघा?"

"गुडघा मध्यम."

"दुपारनंतर वाढण्याची शक्यता?"

"जिने असले तर."

मग तो काय जेवला ते सांगायचा, मी काय वाचलं ते सांगायची, आणि अंदाज अर्धा तास चालायचा. जानेवारीत मी जंगलाच्या सपाट रस्त्यावर स्की घालून चालायला लागले. पहिल्या दिवशी दोनशे पावलं. तो मागून यायचा, त्याच्या रुंद अर्ध्या फळ्यांवर, बदकासारखा.

"बदक म्हणालीस?"

"मनात म्हणाले."

"मोठ्याने म्हणालीस."

एका रविवारी त्याने स्वयंपाकघरात बसून बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या खाल्ल्या, अठरा, वर तापवलेलं लोणी, आणि आम्ही कागद पुन्हा तपासला. निघायचं साडेसातला. पहिला चहा नऊला. दुसरा साडेदहाला. तिसरा खिंडीत, पावणेबाराला. शिखर बाराला.

"शिखरावर किती वेळ?" मी पेन्सिल घेऊन विचारलं.

"हात मिळवायला एक मिनिट. वहीत नावं लिहायला दोन. आणि..."

"आणि?"

"पद्धत तुला माहीत आहे."

"दहा वर्षं झाली. विसरले मी."

"शिखरावर मुका घेतात." तो करंजीकडे बघत होता. "जुनी पद्धत आहे. मी काही ती काढलेली नाही."

"किती मिनिटं लिहू?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "थोडा वेळ राखीव ठेव. हवामान सांगता येत नाही."

मी 'राखीव' असं लिहिलं. ताताच्या अक्षरांखाली माझं अक्षर. आमच्या दोघांचाही 'र' तिरका आहे हे मला तेव्हा दिसलं.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी पाच वाजता फोन आला. "दोन हजारांच्या वर मध्यम, खाली कमी. रात्री आकाश मोकळं, कडक थंडी. वारा नाही." तो थांबला. त्याला पुढे काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं, आणि मी काय म्हणेन याची त्याला भीती होती.

"साडेसात," मी म्हटलं. "चॅपेलपाशी."



सकाळी बर्फ पावलांखाली करकरत होतं. चॅपेलपाशी आम्ही एकमेकांचे पिप्स तपासले. बर्फात गाडलं गेल्यावर माणूस सापडावं म्हणून छातीवर बांधायचं यंत्र. एक जण आपलं यंत्र ऐकण्यावर ठेवतो आणि दुसरा त्याच्या समोरून चालत जातो. मी त्याच्या दिशेने चालू लागले. दूर असताना ते संथ टिकटिकत होतं. जवळ आले तसं भरभर वाजायला लागलं, अगदी समोर आल्यावर एकसारखं.

"चालू आहेस," तो म्हणाला.

"तपासणी झाली. आता बंद कर ते."

"करतो... एक मिनिट."

मी पुढे, तो मागे. कागदावरचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा होता, म्हणून वेग माझा. डोंगर उजव्या हाताला. डावा पाय सरळ पुढे सरकत होता, उजवा दुमडत होता, आणि गुडघा गप्प होता. मी त्याच्याकडे कान लावून चालले होते, तासाभराने विसरले.

पहिल्या चहाच्या जागी एक सपाट खडक होता, आणि बरोबर नऊ वाजता त्यावर ऊन आलं. दुसऱ्या जागेवरून, फक्त त्याच जागेवरून, खाली आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. नकाशावर यातलं काही कळत नाही. ताता इथे येऊन बसून गेला होता, एकटा, घड्याळ घेऊन.

उशीर मात्र माझ्यामुळे झाला नाही. खडकाच्या पट्ट्यानंतर आडव्या उतारावरचं बर्फ घट्ट झालं आणि मागून संतांची नावं ऐकू यायला लागली. कासियान चार पावलं पुढे यायचा, दोन खाली घसरायचा. मी थांबायची, तो यायचा, पुन्हा निघायचो.

"सर्वांत हळू चालणारा," मी म्हटलं, "हे लिहिताना ताताने तुला धरलं नव्हतं."

"गायीच्या कातड्यांना दोष दे."

"कातडी उत्तम आहेत. वर जी फळी आहे ना..."

"बोल. बोलून घे. खाली जाताना बघतो."

खिंडीत पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. चहा उभ्याउभ्याच घेतला आणि शिखराच्या धारेला लागलो. वर शिखरावर रोवलेला क्रूस स्पष्ट दिसत होता, त्याच्या पायाशी वहीची पत्र्याची पेटीही. आभाळ इतकं निळं की डोळे दुखत होते. वारा नव्हता. मी घड्याळ पाहिलं आणि थांबले.

"काय झालं? गुडघा?"

"साडेबारा."

त्याने वर पाहिलं. "बुर्गी, दहा मिनिटं. जास्तीत जास्त."

"माहीत आहे."

"बर्फ पक्कं आहे. ढग नाही. उशीर माझ्यामुळे झाला, तुझ्यामुळे नाही. वर्षभर तू..." त्याने हात पसरले. "कुणी बघत नाहीये."

"ते पण माहीत आहे." माझा आवाज नीट आला, याचं मला नवल वाटलं. "वळू या, कासियान."

तो माझ्याकडे बघत राहिला. मान हलवली, खांद्यावरची पिशवी उतरवली. मग एकदा, अगदी खिन्नपणे, क्रुसाकडे पाहिलं.

"आणि ती पद्धत?" तो म्हणाला. "ती फक्त शिखरावर चालते."

मी हातमोजा काढला. त्याच्या डाव्या कानात काजळी होती. रविवार असूनही होती. मी ती अंगठ्याने पुसली. मग त्याचा मुका घेतला. सावकाश, चहाच्या आणि थंडीच्या चवीचा. आम्हा दोघांचे पिप्स मधे अडकले.

"हे शिखर नाहीये," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

तो हसला, आणि हसता हसता खाली बसून फळी जोडायला लागला. कट्... कट्. दोनाची एक झाली. मी माझ्या स्कीवरून कातडी ओढली. गोंदाने तो आवाज केला, चर्रर्र, आणि माझ्या हातात ताताच्या टेबलाचा वास आला.

मी वर क्रुसाकडे तोंड केलं. दहा वर्षांपूर्वी मी पडले ती जागा इथून दिसत होती, डाव्या अंगाला, नुसता पांढरा उतार. कासियान ऐकत होता. गावाकडून ऐकलेलीच गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि तो ऐकत होता म्हणूनच मी मोठ्याने म्हटलं :

"ताता, तुझा रस्ता तेव्हाही बरोबर होता. वेळही बरोबर होती. तू म्हणालास वळू या, आणि मी ऐकलं नाही. चूक माझी होती, ताता. आज वळते आहे."